विमान कोणाचे आणि हुकूम कोणाचा?

(मंडळाच्या विद्यानगर येथील सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



देशांतर्गत विमान कंपन्यांमध्ये परदेशी मालकी किती असावी, हा आजचा विषय. सूचनापत्रात तो वाचून काहींना नवल वाटले असेल. मराठी शाळा, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क, मराठवाड्याच्या गाड्या हे आपले नेहमीचे विषय. त्यांत हे विमान कुठून आले? दिल्ली-मुंबईच्या शेठ मंडळींनी पाहावे, आपण काचीगुड्याची गाडी धरावी, असे कोणी म्हणेल.

पण एक गोष्ट आठवून पाहा. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतील पहिल्या तीन मार्गांचे उद्घाटन झाले. पंतप्रधानांनी सिमल्याहून झेंडा दाखवला. त्या तीन मार्गांपैकी एक होता नांदेड-हैदराबाद. रस्त्याने पाच-सहा तास लागतात ती वाट तासाभराची झाली. साधारण निम्म्या आसनांचे भाडे सुमारे अडीच हजार रुपयांच्या मर्यादेत बांधलेले होते. ज्यांचे आईवडील नांदेड, परभणी, हिंगोलीकडे आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको. ही सेवा चालवणारी ट्रूजेट ही कंपनी आपल्याच हैदराबादची. फेब्रुवारी २०२२ मध्ये पैशाअभावी तिची विमाने जमिनीवर आली ती आलीच.

तेव्हा विमान कंपनीत पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि ती बुडाली तर वाऱ्यावर कोण पडतो, हे प्रश्न आपल्यापर्यंत येऊन पोचलेले आहेत. परदेशी मालकी चांगली की वाईट, एवढ्या दोन शब्दांत उत्तर मिळणार नाही. कायदा टक्के मोजतो, आपण मात्र हुकूम कोणाचा चालतो ते मोजायला शिकले पाहिजे, हे मला आज मांडायचे आहे.

हा प्रश्न हैदराबादला नवा नाही

परदेशी भांडवलाचा प्रश्न या शहरात १८८३ सालीच उभा राहिला होता, आणि तो रेल्वेवरून. वाडी ते सिकंदराबाद ही रेल्वे १८७४ मध्ये सुरू झाली होती. पुढे ती वाढवून चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे न्यायची योजना निघाली. त्यासाठी लंडनच्या भांडवलदारांची कंपनी काढायची आणि त्यांच्या भांडवलावर व्याजाची हमी निजाम सरकारच्या तिजोरीतून द्यायची, असा तो करार. म्हणूनच कंपनीच्या नावात 'गॅरंटीड' हा शब्द आला. नफा झाला तर भागधारकांचा, तूट आली तर रयतेची.

त्या वेळी शहरातील काही जाणत्या मंडळींनी हरकत घेतली. डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम ही त्यांतली प्रमुख नावे. अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील. या मंडळींचे मागणे साधे होते. कराराचे कागद लोकांसमोर ठेवा, अटी काय आहेत ते आम्हाला कळू द्या. एवढ्यासाठी अघोरनाथांना राज्याबाहेर घालवून देण्यात आले. हैदराबाद संस्थानात सार्वजनिक प्रश्नावर झालेल्या पहिल्या चळवळींत या चांदा रेल्वे प्रकरणाची गणना होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच रेल्वे कंपनी नसती तर आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा इथे आले नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत मीटरगेज हैदराबादला पोचली, आणि तिच्यावरून वकील, कारकून, शिक्षक, व्यापारी अशी मराठी कुटुंबे येऊन या शहरात रुजली. परक्या पैशाने आपले भले झालेच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. अखेर १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे विकत घेतली. १८८३ मध्ये लोकांचा आग्रह रेल्वे नको असा नव्हता. करार उघड करा, असा होता. हा फरक आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

बेगमपेठची कंपनी

रेल्वेनंतर विमान. १९४५ साली बेगमपेठला डेक्कन एअरवेज ही कंपनी उभी राहिली. निजाम स्टेट रेल्वे आणि टाटा यांची ती भागीदारी. रेल्वे, मोटारगाड्या आणि विमाने तिन्ही एकाच सरकारी खात्याच्या छत्राखाली आणणारे हैदराबाद हे त्या काळात एक नवलच होते. प्रेम माथुर या व्यावसायिक विमान चालवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलेला इतर कंपन्यांनी नकार दिल्यावर डेक्कन एअरवेजनेच कामावर घेतले.

आकाश कोणाचे, हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो तेही या शहराने पाहिले. १९४८ साली सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने भरून निजामाच्या राज्यात शस्त्रे आणून उतरवीत होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तो अध्याय संपला. पुढे १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने देशातील खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. डेक्कन एअरवेज इतर सात कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्यानंतर जवळजवळ चार दशके देशांतर्गत आकाशात मालकीचा प्रश्नच उरला नव्हता. मालक एकच, आणि तो म्हणजे सरकार.

कायद्याचा प्रवास

नव्वदीच्या सुरुवातीला 'एअर टॅक्सी' या नावाखाली खासगी कंपन्यांना दार किलकिले झाले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट ही नावे आपल्याला आठवत असतील. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला आणि दार पूर्ण उघडले.

जेट एअरवेज मे १९९३ मध्ये उडू लागली तेव्हा तिच्या मूळ कंपनीत गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज या दोन आखाती कंपन्यांचा प्रत्येकी २० टक्के हिस्सा होता. त्याच सुमारास टाटांनी सिंगापूर एअरलाइन्सला सोबत घेऊन नवी कंपनी काढण्याचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला. १९९७ साली नवे धोरण आले. त्यात म्हटले की परदेशी भांडवल ४० टक्क्यांपर्यंत चालेल, अनिवासी भारतीयांचे १०० टक्के चालेल, पण परदेशी विमान कंपनीचा पैसा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष एक रुपयाही चालणार नाही. म्हणजे परदेशी बँक चालेल, परदेशी गुंतवणूक संस्था चालेल, फक्त ज्याला विमान चालवण्याचा धंदा कळतो तो परदेशी चालणार नाही! गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांना बाहेर पडावे लागले, आणि टाटा-सिंगापूरचा प्रस्तावही बारगळला.

२००४ मध्ये ४० चे ४९ झाले. परदेशी विमान कंपन्यांवरची बंदी मात्र सप्टेंबर २०१२ पर्यंत टिकली. त्या महिन्यात सरकारने त्यांना ४९ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. किंगफिशर तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती आणि ऑक्टोबरमध्ये ती थांबलीच. परवानगीबरोबर अटी आल्या. कंपनीचे मुख्य ठिकाण भारतात हवे, अध्यक्ष आणि किमान दोन तृतीयांश संचालक भारतीय नागरिक हवेत, आणि 'भरीव मालकी व प्रभावी नियंत्रण' भारतीयांच्या हाती हवे. जून २०१६ मध्ये आणखी एक पाऊल पडले. परदेशी गुंतवणूक सरकारी मंजुरीने १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल असे ठरले. परदेशी विमान कंपनीला मात्र ४९ चीच मर्यादा राहिली. २०१७ साली कतार एअरवेजने भारतात स्वतःची कंपनी काढण्याची इच्छा जाहीर केली, तेव्हा हीच मर्यादा आड आली.

हा नियम आहे तरी कशासाठी?

असा नियम फक्त आपल्याकडे आहे असे नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देश आपल्या आकाशाचा मालक आहे. एका देशाच्या विमानाने दुसऱ्या देशात किती वेळा उतरायचे हे त्या दोन देशांच्या आपसातील करारांनी ठरते. त्या करारांत बहुधा असे लिहिलेले असते की तुमच्या देशाची कंपनी म्हणजे जिची भरीव मालकी आणि प्रभावी नियंत्रण तुमच्या नागरिकांकडे आहे ती. उद्या भारतीय नावाची कंपनी खरोखर आखातातून चालू लागली, तर तिसरा देश म्हणू शकतो की ही भारताची कंपनीच नाही, आम्ही हिला उतरू देणार नाही.

म्हणून अमेरिकेत परदेशी माणसाला मतदानाचे २५ टक्क्यांहून अधिक समभाग घेता येत नाहीत, आणि कंपनीचा अध्यक्ष व दोन तृतीयांश संचालक अमेरिकन लागतात. खुल्या बाजाराचे धडे जगाला देणारा हा देश! युरोपीय संघात निम्म्याहून अधिक मालकी संघातील देशांची वा नागरिकांची लागते. ऑस्ट्रेलियाने देशांतर्गत सेवेपुरती १०० टक्के परदेशी मालकी मोकळी केली. तिथे अँसेट ही जुनी कंपनी २००० साली पूर्णपणे एअर न्यूझीलंडच्या हाती गेली आणि सप्टेंबर २००१ मध्ये कोसळली. हजारो कामगार रस्त्यावर आले.

टक्के एक सांगतात, कागद दुसरेच

आता मुद्द्यावर येऊ. पूर्वी काही घरांत सातबारा मुलाच्या नावावर असे आणि किल्ल्या सासूच्या कमरेला. त्या घरात हुकूम कोणाचा चाले, हे सातबारा वाचून कळत नसे. कंपनीचेही तसेच.

जेट-एतिहाद हे याचे ठळक उदाहरण. एप्रिल २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेटचे २४ टक्के समभाग सुमारे २,०५८ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. मर्यादा ४९ ची असताना २४ च का घेतले? आपल्याकडे शेअर बाजारातील कंपनीचे २५ टक्के किंवा अधिक समभाग घेतले, तर बाकीच्या भागधारकांचेही समभाग विकत घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. २४ वर थांबले की ती जबाबदारी टळते. मग प्रश्न आला की २४ टक्क्यांत एतिहादकडे नियंत्रण गेले की नाही? सरकारी यंत्रणांनी मूळ कराराला हरकती घेतल्या आणि तो बदलावा लागला. एतिहादचे संचालक तीनावरून दोनावर आले. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने व्यवहाराला मंजुरी देताना 'संयुक्त नियंत्रण' असा शब्द वापरला. मे २०१४ मध्ये सेबीने म्हटले की एतिहादकडे नियंत्रण गेलेले नाही. व्यवहार एक, देश एक, आणि दोन सरकारी संस्थांनी त्याचे दोन अर्थ लावले. मग सामान्य प्रवाशाने काय समजावे?

खरी मेख आणखी पुढे आहे. ज्या दिवसांत हा करार झाला त्याच दिवसांत भारत आणि अबू धाबी यांच्यातील उड्डाण-हक्क वाढवण्यात आले. आठवड्याला ३६,६७० जास्तीच्या आसनांची परवानगी टप्प्याटप्प्याने मिळाली आणि एकूण आकडा ५०,००० पर्यंत गेला. हे हक्क जेटचे नव्हते आणि एतिहादचेही नव्हते. ते देशाचे, म्हणजे तुमचे-माझे. आपल्याकडचा प्रवासी अमेरिकेला मुलांकडे जाताना मुंबईत विमान बदलणार की आखातात, हे असल्या आकड्यांनी ठरते. संसदेत आणि वर्तमानपत्रांत २४ टक्क्यांवर भरपूर वाद झाला. त्या मानाने ३६,६७० या आकड्याकडे कमी लक्ष गेले.

पुढे काय झाले ते आपण जाणता. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले. एतिहादचा हिस्सा तेव्हाही होता, पण मदतीला कोणी आले नाही. एतिहादने पैसे घातलेल्या एअर बर्लिन आणि अलिटालिया या कंपन्याही २०१७ मध्येच दिवाळखोरीच्या वाटेला लागल्या होत्या. जेटचे प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

दुसरा आकडा पाहा, २५.१. सिंगापूर एअरलाइन्स आणि टाटा यांची विस्तारा ही कंपनी जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तीत सिंगापूरचे ४९ टक्के होते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. त्या एकत्र कंपनीत सिंगापूरचा हिस्सा ठरला २५.१ टक्के. ४९ वरून २५ वर, म्हणजे वजन निम्म्यावर आले, असे वाटेल. पण कंपनी कायद्यानुसार महत्त्वाच्या ठरावांना तीन चतुर्थांश मते लागतात. ज्याच्याकडे २५ टक्क्यांहून थोडेसे जरी अधिक असेल, तो असा ठराव एकटा अडवू शकतो. यात बेकायदेशीर काही नाही आणि वाईटही काही नाही. सिंगापूरची कंपनी उत्तम चालणारी आहे. पण ०.१ टक्क्याला केवढी किंमत असते, ते यावरून कळते.

आपला तो चांगला, असेही नाही

इथे आपल्यातील काही जण म्हणतील, मग परदेशी पैसा बंदच करा. मी त्या मताचा नाही. किंगफिशर पूर्ण भारतीय हातात होती, कर्मचाऱ्यांचे पगार थकवून बंद पडली. गो फर्स्ट ही जुन्या भारतीय उद्योगघराण्याची कंपनी मे २०२३ मध्ये एका रात्रीत थांबली. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे आधी ठाऊक असूनही पुरेशी तयारी नव्हती. शमशाबादला माणसे सामान घेऊन ताटकळली. ती कंपनीही भारतीयच. देशातल्या दर दहा विमान प्रवाशांपैकी सहाहून अधिक जण तिच्या विमानाने जात होते, म्हणून तिची अडचण म्हणजे साऱ्या देशाची अडचण झाली. मक्तेदार आपल्या जातीचा, भाषेचा, देशाचा असला तरी मक्तेदारच असतो. ट्रूजेटसारख्या छोट्या कंपनीला वेळेवर भांडवल मिळाले असते, मग ते कुठलेही असो, तर कदाचित नांदेडचे विमान थांबले नसते.

शिवाय मालकी म्हणजे फक्त समभाग नव्हेत. आपल्या कंपन्यांची बहुतेक विमाने भाडेपट्ट्याची आहेत, आणि ती देणाऱ्यांत आयर्लंडसारख्या देशांतील कंपन्या मोठ्या आहेत. गो फर्स्ट थांबली तेव्हा विमाने परत मिळावीत म्हणून हे मालक दिल्लीच्या न्यायालयात उभे राहिले. २०२५ मध्ये संसदेने अशा मालकांच्या हक्कांसाठी वेगळा कायदाच केला. म्हणजे कंपनी भारतीय, वैमानिक भारतीय, प्रवासी भारतीय, आणि विमान दुसऱ्याचे.

विमानतळाचे पाहा. २३ मार्च २००८ रोजी बेगमपेठची प्रवासी वाहतूक थांबली आणि शमशाबाद सुरू झाले. विमानतळांना १०० टक्के परदेशी भांडवल चालते. २०२० साली शमशाबाद चालवणाऱ्या जीएमआर समूहाच्या विमानतळ कंपनीत पॅरिसच्या एडीपी समूहाने ४९ टक्के हिस्सा घेतला. विमानाची चढ-उतार, सामान, जिना ही जमिनीवरची कामे करणाऱ्या कंपन्यांनाही १०० टक्के परदेशी मालकी चालते. तुर्कस्तानची चेलेबी ही त्यांतली एक. ती शमशाबादलाही काम करीत होती. १५ मे २०२५ रोजी सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून तिची सुरक्षा मंजुरी काढून घेतली आणि जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. देशाची सुरक्षा ४९ या आकड्यावर अवलंबून नाही. परवाना देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार सरकारकडे आहे, तो वापरायची तयारीही आहे. मग टक्क्यांच्या मर्यादेचा उपयोग कशासाठी करायचा? माझ्या मते, लोकांच्या हिताच्या अटी घालून घेण्यासाठी. परदेशी गुंतवणूकदार मंजुरीसाठी सरकारच्या दारात येतो, तीच अटी मागण्याची वेळ असते. एकदा ती गेली की ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आपण काय मागावे

मी तीन मागण्या सुचवतो. त्यांवर चर्चा व्हावी.

पहिली मागणी: 'प्रभावी नियंत्रण' म्हणजे काय याची एकच व्याख्या सर्व सरकारी संस्थांना बांधील असावी. संचालक किती, नकाराधिकार कोणाला, वेळापत्रक आणि तिकिटांचे दर कुठल्या शहरात बसून ठरतात, हे सारे त्या व्याख्येत यावे. २०१३ सारखे दोन अर्थ पुन्हा निघू नयेत.

दुसरी: परदेशी विमान कंपनी भारतीय कंपनीत हिस्सा घेते तेव्हा भागधारकांमधील कराराचा नियंत्रणाविषयीचा भाग जाहीर व्हावा. त्याच सुमारास त्या देशाला जास्तीची आसने देण्याचा विचार असेल, तर तो आकडाही आधी संसदेपुढे यावा. व्यापारी गुपिते असतात, मान्य. ती झाका. देशाचे उड्डाण-हक्क हे कोणाचे व्यापारी गुपित नव्हे. १८८३ मध्ये या शहरातील मंडळींनी हेच मागितले होते. त्यांना त्यासाठी हद्दपारी सोसावी लागली. आपल्याला फक्त एक अर्ज करायचा आहे.

तिसरी मागणी आपल्या जिव्हाळ्याची. ज्या कंपनीला भारताच्या नावावर परदेशी मार्गांचे हक्क मिळतात, मग तिचे भांडवल देशी असो वा विदेशी, तिच्यावर छोट्या शहरांच्या सेवेची जबाबदारी ठामपणे टाकावी. मोठ्या मार्गांवर उडणाऱ्यांनी काही प्रमाणात दुर्गम भागांतही उडावे असा नियम १९९४ पासून आहे, पण नांदेड-हैदराबाद यांसारख्या दोन राज्यांना जोडणाऱ्या छोट्या मार्गांना त्याचा आधार नाही. 'उडान'चे अनुदान साधारण तीन वर्षांचे. ते संपल्यावर मार्ग चालू ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. किमान एवढे तरी व्हावे की असा मार्ग बंद करायचा असेल तर सहा महिन्यांची जाहीर सूचना द्यावी लागेल, आणि त्या काळात दुसरी कंपनी शोधण्याची जबाबदारी सरकारची राहील. रेल्वेची गाडी बंद झाली तर आपण कोणाकडे जायचे ते आपल्याला ठाऊक असते. विमान बंद झाले तर दारच सापडत नाही.

आपली संख्या या शहरात फार नाही, हे खरे. पण आपल्याला एक सोय आहे जी इतरांना नाही. आपण मतदार इथले आहोत, आणि आपले भाऊ, मेहुणे, व्याही नांदेड, परभणी, लातूरचे मतदार आहेत. एकच पत्र इथल्या खासदारांकडे आणि तिथल्या खासदारांकडे दोन्हीकडून गेले, तर दोन राज्यांचा आवाज एका प्रश्नावर लागतो. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत हैदराबाद आणि मराठवाडा वेगळे झाले. मधली वाट कोण आणि कशी चालवणार, हा प्रश्न दोन्हीकडच्या लोकांचा सामाईक राहिला आहे.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे की या तीन मागण्यांचे पत्र मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत तयार करावे. संसदेच्या पुढील अधिवेशनाआधी ते दोन्हीकडच्या खासदारांना, तसेच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला पाठवावे. मसुदा लिहायला मी तयार आहे. कंपनी कायदा जाणणारे वकील आणि सनदी लेखापाल आपल्या सभासदांत आहेत, त्यांनी तो तपासून द्यावा. नांदेडकडच्या नातेवाइकांच्या सह्या गोळा करण्याचे काम प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परीने करावे. सह्यांचे कागद सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत.

 आता प्रश्न विचारावेत.